अभ्यासिकेत एक कपाट गोष्टींचे

१५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला महाराष्ट्रात २०१५ पासून हा दिवस पाळला जातो. २०२५ मध्ये तो ऐन दिवाळीच्या तोंडावर आला आणि त्याला दोन मोठ्या लेखकांच्या जाण्याची किनार होती. त्या वर्षी २० मे रोजी पुण्यात डॉ. जयंत नारळीकर गेले. महिना उलटण्याआधीच, १८ जूनला, सोलापुरात मारुती चितमपल्ली गेले. एकाने मराठीत विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून दिली, दुसऱ्याने वनखात्यातली हयात पुस्तकांत उतरवून घरबसल्या वाचकाला रानवाटांवर नेले. दोघांनाही साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान मिळाला. तरीही विज्ञानकथा, रहस्यकथा, गूढकथा आणि सामान्य वाचकासाठी लिहिलेली माहितीपर पुस्तके यांना आपल्याकडे साहित्याच्या पंक्तीत पाट मिळतो तो शेवटचाच. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांनी तरी हा पंक्तिभेद मोडावा. ही पुस्तके जमवणे आणि जपणे हे इथल्या वाचनाच्या पायाभरणीचे काम आहे.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि ती पहिली आली. जगन्मान्य शास्त्रज्ञाला आपली गोष्ट नाव न सांगता पारखून घ्यावीशी वाटली. पुढे ‘यक्षांची देणगी’ आणि इतर संग्रह आले, ‘आकाशाशी जडले नाते’सारखे खगोलशास्त्र सोपे करून सांगणारे पुस्तक आले. गोष्टीच्या ओढीने आलेला वाचक विज्ञानापर्यंत कसा पोचतो, हे त्यांच्या पुस्तकांच्या क्रमातूनच दिसते.

मात्र गोष्टींचा हा ऐवज फार लवकर नाहीसा होतो. कुठल्याही जुन्या वाचनालयातले रहस्यकथेचे पुस्तक उघडून पाहावे. मागच्या पुठ्ठ्याच्या आत तारखांची चिठ्ठी असते. तिच्यावर निळ्या-जांभळ्या शिक्क्यांची इतकी दाटी, की पहिल्या चिठ्ठीवर दुसरी चिकटवावी लागलेली. कागद वर्तमानपत्राच्या जातीचा, कडा तपकिरी, पिना गंजून पानांवर डाग उमटलेले, कोपरे दुमडून दुमडून गळालेले. ज्या पुस्तकावर वाचकांनी सर्वाधिक प्रेम केले, तेच आधी झिजते आणि ‘जीर्ण’ असा शेरा मिळून आधी बाद होते. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. गुरुनाथ नाईकांच्या कादंबऱ्यांची संख्याही हजारापलीकडची. नारायण धारपांची पुस्तके शंभरावर. त्या काळी वाचनालयांत हातोहात फिरलेले हे साहित्य आज मिळवायचे तर रद्दीचे गठ्ठे उपसावे लागतात.

दिवाळी अंकांची गतही तीच. १९०९ मध्ये का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने सुरू केलेल्या या परंपरेत ‘नवल’ आणि ‘धनंजय’सारख्या अंकांनी अद्भुत, गूढ आणि रहस्यकथांना हक्काची जागा दिली. या प्रकारांतला प्रत्येक अंक म्हणजे अनेक लेखकांचा एक कथासंग्रहच. त्यातल्या कितीतरी कथा पुढे कोणत्याही पुस्तकात आल्या नाहीत. अंक रद्दीत गेला की कथाही गेली.

तिच्या जाण्याने काय जाते? १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना एका मित्राने धारपांची एक कथा सांगितली. त्या रात्रीची भीती त्यांच्या मनातून गेली नाही आणि पंचवीस वर्षांनी, २०१८ मध्ये, त्यांचा ‘तुंबाड’ हा चित्रपट पडद्यावर आला. नागझिरा आपल्या शेजारचेच. तिथल्या रात्रीच्या अंधारात एक भयकथा एका मनातून दुसऱ्या मनात गेली, ती आधी कोणीतरी छापली होती आणि कोणीतरी वाचून लक्षात ठेवली होती म्हणून. हलकी म्हणून बाजूला सारलेली गोष्ट पुढे कोणाच्या हातून काय घडवेल, हे आधी सांगता येत नाही. ती जपण्याला एवढे कारण पुरे आहे.

माहितीपर पुस्तकांच्या बाबतीत तर हा मुलूख श्रीमंत आहे. हेमलकशाच्या प्राण्यांवरचे विलास मनोहरांचे ‘नेगल’, डॉ. प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’, झाडांशी गडचिरोलीतल्या बायकांचे नाते उलगडणारे डॉ. राणी बंग यांचे ‘गोईण’, डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’, लेखा-मेंढाच्या ग्रामसभेची वाटचाल सांगणारे मिलिंद बोकीलांचे ‘गोष्ट मेंढा गावाची’. ही पुस्तके या जंगलाने, या गावांनी आणि इथे राहिलेल्या माणसांनी मराठीला दिली. पुण्या-मुंबईच्या घरांत ती प्रेमाने वाचली जातात. पण २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या मेंढा गावाची हकिगत शेजारच्या तालुक्यातल्या मुलाला त्याच्या गावच्या वाचनालयात मिळायला हवी. आपल्या मातीतले पुस्तक आपल्याच गावात नसावे, हे खटकले पाहिजे.

आज गावागावांत वाचनालय म्हणजे अभ्यासिका झाली आहे. गडचिरोली पोलिसांच्या ‘एक गाव एक वाचनालय’ उपक्रमाने दुर्गम गावांपर्यंत पुस्तके नेली, हे मोलाचे काम आहे. पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके तरुणांना हवीच आहेत, कारण त्यांच्यामागे घरची परिस्थिती आणि नोकरीची निकड आहे. पण परीक्षा संपली की ते पुस्तक मिटते. पुस्तकाशी जडलेले नाते त्यानंतरही टिकावे असे वाटत असेल, तर अभ्यासिकेत एक कपाट गोष्टींचे हवे. भामरागड, एटापल्लीकडच्या कितीतरी मुलांच्या घरात माडिया किंवा गोंडी बोलली जाते, मराठी त्यांना शाळेत भेटते. अशा मुलाला जड भाषेचे पुस्तक पहिल्या पानावरच थोपवते. रहस्यकथा त्याला थोपवत नाही. पुढे काय झाले, या उत्सुकतेपोटी तो अनोळखी शब्द ओलांडतो, आणि शंभर पाने संपेपर्यंत ते शब्द त्याचे झालेले असतात. ज्या वाचकाला मराठी कष्टाने मिळवावी लागते, त्याच्यासाठी कथानकाची ओढ हा सर्वांत भरवशाचा शिक्षक आहे.

यासाठी फार मोठा निधी लागत नाही. चंद्रपूर, वरोरा, ब्रह्मपुरी, देसाईगंज, गडचिरोली इथल्या अनेक घरांत जुने संग्रह आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे माळ्यावर पडून असतील. जमवणाऱ्याने ते आयुष्यभर जिवापाड जपलेले असतात, पुढच्या पिढीला त्यात रस असेलच असे नाही. अशा प्रत्येकाने हयातीतच साधी यादी करावी: नाव, लेखक, प्रकाशक, साल. यादी असलेला संग्रह वाचनालय आनंदाने घेते. यादी नसलेला गठ्ठा कोपऱ्यात पडून राहतो. दोन्ही जिल्ह्यांत एकेका ग्रंथालयाने दिवाळी अंक आणि कथासंग्रह जपण्याची जबाबदारी उघडपणे स्वीकारावी. अंक वर्षवार बांधून घ्यावेत, गंजक्या पिना काढून दोऱ्याने शिवावेत. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल आणि वाळवी हे खरे शत्रू आहेत. म्हणून कपाट लोखंडी असावे, भिंतीपासून वीतभर दूर असावे आणि उघडीप मिळाली की उघडून वारा द्यावा. बाद करायच्या यादीत एखाद्या पुस्तकाची जिल्ह्यातली शेवटची प्रत तर जात नाही ना, हे ग्रंथपालांनी एकमेकांना विचारून पाहावे. सरकारनेही अनुदानाचे निकष ठरवताना अशा जतनाची दखल घ्यावी.

चंद्रपूरने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरवले: १९७९ मध्ये वामन चोरघडे अध्यक्ष होते, २०१२ मध्ये वसंत आबाजी डहाके. त्या उत्सवांचा या भागाला अभिमान आहे. पण मांडव काही दिवसांत उतरतो. वाचक घडतो तो वर्षभर उघड्या असलेल्या दारामुळे. नारळीकर आणि चितमपल्ली यांना आदरांजली वाहायची असेल, तर भाषणांपेक्षा दिवाळीत एक काम करावे. प्रत्येक वाचत्या घराने विज्ञानकथेचा, रहस्यकथेचा किंवा जंगलावरच्या लेखनाचा एक तरी ग्रंथ जवळच्या अभ्यासिकेला द्यावा, आणि तो दाखल नोंदवहीत चढला की नाही, हे स्वतः जाऊन पाहावे. नोंदलेले पुस्तकच पुढच्या वाचकाच्या हाती पडते.