तोंडी परीक्षेचे वीस गुण

मार्च 2019 च्या दहावीला भाषाविषयांचे वीस तोंडी गुण बंद होते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर घसरला. ओरड झाली आणि पुढच्याच परीक्षेला ते गुण परत आले. चर्चा चालली ती अकरावी प्रवेशाची आणि सीबीएसईच्या मुलांशी बरोबरी कशी होणार याची. आपली मुलं मुळात बोलतात का, हे विचारायला कुणालाच सवड नव्हती.

इंग्रजीची तोंडी परीक्षा म्हणजे बहुतेक ठिकाणी पाठ केलेलं ‘माय नेम इज’, पुस्तकातला एक उतारा आणि सढळ हातानं अठरा-एकोणीस गुण. वर्षभर ‘येस सर’पलीकडे तोंड उघडायची वेळच जिच्यावर आली नाही, तिचं बोलणं मोजायचं तरी काय?

रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, 2000 साली, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. म्हणजे दहा वर्षं मूल ते शिकतं. पण पस्तीस मिनिटांचा तास आणि साठ मुलं धरा. सर पूर्ण गप्प बसले (ते होणे नाही!) तरी वाट्याला पस्तीस सेकंद येतात. तेव्हा मुलांनीच आपसांत बोलायला हवं. एकाच बाकावरच्या दोघींना बाजाराची दोन चित्रं द्या, जरा वेगवेगळी. एकमेकींना न दाखवता, नुसतं विचारून फरक शोधायचे. ‘हाउ मेनी बनाना?’ ‘नो बनाना. वन वुमन सिटिंग, फिश सेलिंग.’ व्याकरणाची दाणादाण, पण कोळीण पोचली ना! मध्येच टोकलं की पोर मिटते; चुका टिपून शेवटी फळ्यावर घ्याव्यात. अधूनमधून मराठीत कुजबूज होणार, होऊ द्यावी.

अडचण आहे ती गलक्याची. व्हरांड्यातून जाणाऱ्या मुख्याध्यापकांना अजूनही शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग वाटतो आणि शेजारच्या वर्गातून गणिताच्या बाई तक्रार घेऊन येतात. शिवाय पोर्शन! आमचं मत विचाराल तर ते वीस गुण परीक्षेच्या तोंडावर एका दुपारी उरकू नयेत, वर्षभराच्या अशा जोडीतल्या बोलण्यांवर द्यावेत. खिरापत थोडी कमी होईल, एवढंच.

यंदाच्या दिवाळी अंकासाठी इंग्रजीच्या शिक्षकांकडून आम्ही लेख मागितले नाहीत, अशा तासांची टिपणं मागितली. काही तास साफ फसलेत, तेही छापलेत. फराळासोबत वाचा.