दुखणे राहिले, कागद हरवला

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी किती जणींचे गर्भाशय काढले गेले आहे, याची मोजदाद २०१९ साली शासनाला करावी लागली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कामात ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. म्हणजे सुमारे सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हेच प्रमाण सुमारे ३ टक्के आहे.

या आकड्यांवर पुष्कळ लिहिले गेले. परंतु एक साधा प्रश्न बाजूला पडला. ज्या दुखण्यासाठी पिशवी काढली, ते दुखणे थांबले काय? शस्त्रक्रियेनंतरही ओटीपोट आणि कंबर दुखतच राहते, असे या स्त्रिया सांगत आल्या आहेत. त्यांना मिळणारे उत्तर बहुधा एकच : वेदनाशामक गोळी.

वैद्यकशास्त्राला याहून बरीच उत्तरे ठाऊक आहेत. ओटीपोटातील प्रत्येक कळ गर्भाशयाची नसते. मूत्रमार्गाचा संसर्ग, आतड्यांचे विकार, मणक्याची झीज यांच्या वेदनाही तेथेच जाणवतात. जी स्त्री पहाटेपासून मोळ्या वाहते, कोपीजवळ शौचालय नाही म्हणून पाणीच कमी पिते, तिच्या दुखण्याचे मूळ गर्भाशयात नसेल, तर ते काढून गुण कसा यावा? शिवाय शस्त्रक्रियेनंतर आतील अवयव एकमेकांना चिकटू शकतात, व्रणाजवळचा मज्जातंतू दुखावलेला राहू शकतो. अंडाशयेही काढली असल्यास अकाली रजोनिवृत्ती येऊन हाडे ठिसूळ होतात. यांतील पुष्कळ गोष्टी तपासणीने कळतात व काहींवर उपचारही आहेत. मात्र त्यासाठी आधी काय काढले आणि का काढले, हे सांगणारा कागद हवा.

येथे प्रश्न अर्थशास्त्राचा होतो. केनेथ ॲरो यांनी १९६३ साली दाखवून दिले की, वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा नसतो. आपल्याला कशाची गरज आहे, हे ग्राहकाला विक्रेत्याकडूनच समजते. अशा बाजारात ‘स्त्रीने स्वतः संमती दिली’ या विधानाला अर्थ तो किती? तिच्यामागे मुकादमाची उचल उभी असते. नवराबायकोचा मिळून एक कोयता. एकीचा खाडा पडला तर दोघांची मजुरी बुडते, वर दंड. दुखणे परवडत नाही, म्हणून ती झटपट उपाय स्वीकारते. त्याचा खर्च भागविण्यास पुन्हा उचल घेतली, तर दुखऱ्या पोटाने पुढच्या हंगामाला जाणे तिला चुकत नाही.

कायद्याची बाजू अगदीच रिकामी नाही. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारनियमांनुसार रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत कागदपत्रे दिली पाहिजेत. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना दिला. परंतु त्याच आचारनियमांत कागदपत्रे जपण्याची मुदत उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षांची आहे. कागदाचे आयुष्य तीन वर्षे आणि वेदनेचे तीस! पुढील शस्त्रक्रियांवर अंकुश बसावा हे योग्यच. पण ज्यांच्यावर ती होऊन गेली, त्यांना जाब विचारण्याची वाटच अशाने बंद होते.

म्हणून दोन मागण्या नेटाने लावून धरल्या पाहिजेत. गर्भाशय काढलेल्या प्रत्येक स्त्रीची शासकीय रुग्णालयात विनामूल्य फेरतपासणी व्हावी आणि निदान तिला लेखी, मराठीत मिळावे. तसेच या शस्त्रक्रियेची कागदपत्रे जपण्याची मुदत वाढवावी. मोर्चा निघेल तेव्हा निघेल. कार्यकर्त्यांना आजही करता येण्याजोगे काम आहे. उन्हाळ्यात टोळ्या गावी परततात. त्या दोन-चार महिन्यांत घरोघर जाऊन जुने कागद शोधावेत, नसतील तेथे मागणीचा अर्ज लिहून द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि बाईबरोबर जिल्हा रुग्णालयाच्या रांगेत उभे राहावे. दसऱ्यानंतर गाड्या पुन्हा निघतील. त्याआधी निदान काहींच्या हाती तरी आपल्या दुखण्याचे नाव असले पाहिजे.