सोन्याचा सिंह आणि साइटवरची सावली

बहरीनच्या किनाऱ्यावर टॉवर उभा करताना आपल्या पायाखाली काय असतं? बऱ्याचदा समुद्रच! तळाची वाळू उपसायची, किनाऱ्यालगत ओतायची, झाली जमीन. अमवाज बेटं अशीच झाली. मी सुपरवायझर. भरावाची लेव्हल आली की सही करतो. इथे पूर्वी मासे मिळायचे का, असा रकाना माझ्या फॉर्मात नाही.

तो रकाना कलावंतांनी भरला. 2010 साली व्हेनिसच्या आर्किटेक्चर बिएनालेत बहरीनने इथल्या मच्छीमारांची तीन खोपटी नेऊन मांडली. सोबत मच्छीमारांच्या मुलाखतींचे व्हिडिओ आणि कमील झखारिया यांनी काढलेले किनाऱ्याचे फोटो. हे झखारिया मूळ लेबनॉनचे, शिक्षणाने इंजिनिअर. प्रदर्शनाचं नाव 'रिक्लेम', म्हणजे भराव घालून जमीन मिळवणं आणि गेलेलं परत मागणं, दोन्ही. त्याला सोन्याचा सिंह हा मोठा पुरस्कार मिळाला.

आता बघा, समुद्र बुजवायचा आणि मग 'सी व्ह्यू' म्हणून विकायचा, हा धंदा कुणाच्या हौसेवर चालतो? घेणाऱ्यांच्या. आपणही धुतल्या तांदळाचे नाही. शुक्रवारी एसीसाठी मॉलमध्ये जातो, गावी पैसे पाठवतो ते याच भरावातले. पण डंपर रिकामा करणारा आणि नकाशा पास करणारा, दोघांचा दोष सारखा नाही. मच्छीमाराचं निदान खोपटं तरी व्हेनिसला पोचलं. भराव घालणारा मजूर मात्र त्या गोष्टीत मला कुठे दिसला नाही.

2025 मध्ये बहरीनला दुसरा सोन्याचा सिंह मिळाला, 'हीटवेव्ह' या रचनेला. विषय उन्हाचा. जमिनीखालचा गारवा वापरून उघड्यावर काम करणाऱ्यांना थंडावा देणारं छप्पर. म्हणजे आपली गोष्ट! त्याच वर्षापासून दुपारी 12 ते 4 उन्हात काम बंद ठेवण्याचा नियम दोन महिन्यांऐवजी तीन महिने, 15 जून ते 15 सप्टेंबर, झाला. चांगलं झालं. पण सकाळी 11 ला सळई हाताला चटका देतेच की.

माझं म्हणणं एवढंच: सावली, थंड पाणी, बसायची जागा यांचा खर्च टेंडरमध्येच लिहा. 'जमेल तसं करू' म्हटलं की ते कधीच जमत नाही.

तुमच्यात कुणी सुपरवायझर असाल, तर उद्या टेप लावून मोजा: आपल्या साइटवर माणसं किती आणि सावली किती फूट.