आधी बोर्डावरचा अंक वाचा

पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने 1986 च्या सुमारास परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' हा घरगुती संगणक बाजारात आणला. तो टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरवरून कॅसेट चढवायची, आणि हौस असेल तर बेसिकमध्ये स्वतःचं काही लिहायचं. 1990 च्या आसपास त्याची बाजारपेठ आटली आणि यंत्रं कपाटात, माळ्यावर गेली. आता घर बदलताना, वडीलधाऱ्यांच्या माघारी खोल्या आवरताना ती खाली उतरतात आणि तशीच भंगारवाल्याच्या गाडीवर चढतात. आमचं म्हणणं असं की, गाडीवर चढण्याआधी त्यांचं झाकण उघडलं पाहिजे आणि आतल्या बोर्डावर छापलेला इश्यू क्रमांक, म्हणजे बोर्डाच्या आवृत्तीचा अंक, उतरवून घेतला पाहिजे.

हा हट्ट उगाच नाही. ज्याच्या परवान्यावर डीबी स्पेक्ट्रम आला, तो सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीचा मूळ स्पेक्ट्रम 23 एप्रिल 1982 रोजी लंडनमध्ये जाहीर झाला. खोक्यावर नाव तेच आणि मेमरी तीच 48 के. पण आतला बोर्ड इश्यू 1 पासून इश्यू 6 ए पर्यंत पुनःपुन्हा बदलत गेला. पहिल्या बोर्डावर तर यूएलए या मुख्य चिपमधला दोष झाकायला दुसरी एक चिप पाय वर करून उताणी डकवलेली असे. दुरुस्ती करणारे तिला मेलेलं झुरळ म्हणत. पुढच्या बोर्डांवर हे झुरळ गेलं, आणि इतरही पुष्कळ बदललं. गिऱ्हाइकाला यातलं काही कळायला मार्ग नव्हता, कारण खोका सारखाच दिसे.

सगळ्यात बोलका बदल कीबोर्डाचा. स्पेक्ट्रमच्या 40 कळा पाच-पाचच्या आठ गटांत वाचल्या जातात. एका गटाची माहिती एका बाइटच्या खालच्या पाच बिटांत येते. कळ दाबली की तिचा बिट 1 चा 0 होतो. वरच्या तीन बिटांचा कीबोर्डाशी संबंध नाही. त्यातला सहाव्या क्रमांकाचा बिट टेपरेकॉर्डरच्या 'इअर' सॉकेटचा, आणि यंत्रासोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत हे स्पष्ट छापलेलं होतं. तरीही घाईत असलेल्या कित्येकांनी सरळ अख्खा बाइट वाचला. एकही कळ दाबलेली नसेल तर उत्तर 255 येतं हे त्यांनी आपल्या यंत्रावर पाहिलं आणि तेवढ्यावर खेळ लिहिले. इश्यू 2 पर्यंत ते चाललं. इश्यू 3 मध्ये मंडलाची मांडणी बदलली, तो बिट एरवी 0 राहू लागला आणि उत्तर आलं 191. कोणी कशाला हात लावलेला नसताना खेळाला वाटे, कळ दाबली आहे. घरातला मुलगा मात्र कॅसेटला दोष देत बसे, टेपचा आवाज कमी-जास्त करून पाही, पुन्हा पाच मिनिटं भरत बसे.

ज्यांनी पुस्तिका वाचून वरचे तीन बिट बाजूला सारले आणि खालचे पाचच तपासले, त्यांचे कार्यक्रम दोन्ही बोर्डांवर बिनतक्रार चालले. आमच्या मते इथे दोष प्रोग्रामरचा आहे, पण अर्धाच. उरलेला अर्धा कंपनीचा. आत काय बदललं हे तिने झाकणावर एका ओळीत छापायला हवं होतं. 1984-85 मध्ये भारत सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक पोचले. त्या यंत्रावरही नियम पाळणारेच कार्यक्रम तगत. ज्या कार्यक्रमांनी ऑपरेटिंग सिस्टिमला विचारून पडद्यावर अक्षर उमटवलं, ते दुसरा प्रोसेसर जोडल्यावरही चालत. पडद्याच्या मेमरीत थेट हात घालणारे अडकत.

मेमरीची कथा दुरुस्तीवाल्यांना नीट माहीत असते. 48 के पैकी खालचे 16 के वेगळ्या चिपांचे आणि वरचे 32 के अशा चिपांचे, ज्यांचा अर्धा भाग कारखान्यातच सदोष निघालेला. चांगला अर्धा वरचा की खालचा, हे बोर्डावरच्या एका तारेच्या जोडणीने ठरे. काटकसर म्हणून ही युक्ती आम्हाला खरोखर अफाट वाटते. पण नवी चिप बसवताना ती तार पाहिली नाही, तर चांगली चिपही बिघडलेली भासते.

पुढे 1986 मध्ये स्पेक्ट्रमची मालकी अ‍ॅमस्ट्रॅडकडे गेली. 1987 च्या प्लस थ्रीमध्ये आणि प्लस टू ए मध्ये मागच्या जोडपट्टीवरच्या काही वाहिन्याच बदलल्या. जुनं इंटरफेस 1 हे जोडयंत्र आणि त्यावर चालणारे मायक्रोड्राइव्ह या यंत्रांना चालेनासे झाले. बालाघाटच्या वाचकाला हे वेगळं समजावायला नको. गोंदियाला रेल्वेची 762 मिलिमीटरची छोटी लाइन आणि 1676 मिलिमीटरची मोठी लाइन शेजारी शेजारी असत, पण डबा एकीवरून दुसरीवर जात नसे. माल उतरवून पुन्हा चढवावा लागे. जबलपूरपर्यंतचं रुंदीकरण 2020 मध्ये पुरं झालं. छोट्या लाइनची इंजिनं मात्र नैनपूरला आणि नागपूरच्या मोतीबागेत जपून ठेवली आहेत.

संगणकांना ते भाग्य लाभलेलं नाही. आपल्याच जिल्ह्यात मलाजखंडला हिंदुस्तान कॉपर तांबं काढते, त्यामुळे तांब्याचं मोल इथे कोणाला सांगायला नको. भंगारवालाही बोर्ड त्याच मोलाने तोलतो. त्यावरचा अंक कोणी तोलत नाही, आणि तो वितळला की डीबी स्पेक्ट्रमच्या आत नेमकं काय बसवलं जात होतं याचा एक पुरावा संपतो. परदेशी छंदिष्टांनी तिकडच्या प्रत्येक इश्यूची छायाचित्रं जमवली, आकृत्या काढल्या. पुण्यात तयार झालेल्या यंत्राची तशी यादी इथल्याच लोकांनी करायला हवी, कारण यंत्रं इथल्याच घरांत आहेत.

काम फार नाही. बोर्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा. बोर्डाचा इश्यू क्रमांक, यूएलएवरचा क्रमांक आणि चिपांवरचे चार आकडी तारीखकोड लिहून घ्या. पहिले दोन आकडे सहसा वर्षाचे आणि पुढचे दोन आठवड्याचे असतात. कॅसेट सापडल्या तर त्यांचा आवाज जसाच्या तसा फाइलमध्ये उतरवा. आणि यंत्र लगेच चालू करून पाहू नका. मूळ स्पेक्ट्रमच्या 9 व्होल्टच्या पिनेचं मधलं टोक ऋण असतं, बाजारातल्या बहुतेक अ‍ॅडॅप्टरांचं धन. उलटा जोड लागला तर बोर्ड जळू शकतो. खालच्या 16 के मधल्या चिपांना 5 आणि 12 व्होल्टबरोबर उणे 5 व्होल्टही लागतात. ते न मिळता बाकीचे मिळाले की चिप जाते. हे तिन्ही दाब मल्टिमीटरने तपासून घेईल असा जाणता दुरुस्तीवाला मिळेपर्यंत यंत्र बंदच ठेवा.