म्हाताऱ्याला विचारलं का?

तोंडाचा कॅन्सर परत आला, की घरातले सगळे बोलू लागतात. गप्प बसतो तो एकच माणूस, ज्याला तो झालेला असतो. पहिल्या खेपेच्या ऑपरेशनमध्ये जबड्याचा तुकडा गेलेला असतो, रेडिएशननंतर तोंड पुरतं उघडत नाही, शब्द अस्पष्ट येतात. त्याला नीट बोलता येत नाही म्हणून त्याला काही सांगायचंही नाही, असं घर परस्पर ठरवून टाकतं. रिपोर्ट मुलाच्या पिशवीत. डॉक्टर मुलाशी बोलतात, शेजारी सुनेला विचारतात, पाहुणे ओट्यावर कुजबुजतात. ज्या माणसानं आयुष्यभर शेतीचे व्यवहार केले, लेकीबाळींची लग्नं ठरवली, वाटण्या केल्या, त्याला त्याच्याच तोंडात काय वाढतंय हे सांगताना म्हटलं जातं, ‘‘काही नाही दादा, जुनी जखम जरा चिघळलीय.’’

या लपवाछपवीला आपण माया म्हणतो. ती माया नाही. माणूस जिवंत असताना त्याच्या आयुष्याचा कारभार काढून घेणं, एवढाच तिचा अर्थ आहे. आणि ही चूक एकट्या घराची नाही. सरकारनं गावात दुसरा पर्यायच ठेवलेला नाही, तेव्हा घरानं म्हाताऱ्याला विचारायचं तरी काय? हे दोन गुन्हे एकमेकांच्या आडोशानं चालतात.

फर्दापूर डोळ्यांसमोर ठेवा. अजिंठ्याच्या लेण्यांच्या पायथ्याचं, सोयगाव तालुक्यातलं गाव. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय इथून सुमारे शंभर किलोमीटर, मध्ये घाट. जळगाव जवळ, पण जिल्हा वेगळा. त्यापुढे परळचं टाटा, म्हणजे रात्रीची गाडी आणि फुटपाथवरचा मुक्काम. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन, केमो, रेडिएशन होतं, हे खरं आहे आणि मोलाचं आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्याला २०२२पासून एसटीही मोफत आहे. पण नाकात नळी असलेल्या, थुंकीतून रक्त येणाऱ्या माणसाला एसटीच्या सीटवर बसवून घाट चढवून पाहा, म्हणजे ‘मोफत’ या शब्दाची किंमत कळते. सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी तर कुठल्याच योजनेच्या हिशेबात नसते.

आता आजाराबद्दल बोलू. तोंडाचा कॅन्सर परततो तो बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत. परतला म्हणजे सगळं संपलं, असं नाही. गाठ लहान असेल, काढता येण्याजोग्या जागी असेल, मधला काळ बराच गेला असेल, तर काहींना पुन्हा ऑपरेशनचा फायदा होतो. पण अनेकांच्या बाबतीत तो पूर्ण बरा होण्याच्या पलीकडे गेलेला असतो. अशा रुग्णांसाठी टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी स्वस्त औषधांवर फार महत्त्वाचं काम केलं आहे. २०२०मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या घरी घेता येणाऱ्या गोळ्यांनी शिरेतून दिल्या जाणाऱ्या सिस्प्लॅटिनपेक्षा जास्त आयुष्य दिलं : ६.१ महिन्यांच्या जागी ७.५ महिने. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात अशा गोळ्यांच्या जोडीला निव्होलुमॅब हे महागडं औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी दिलं, तर एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं.

हे आकडे आशेचे आहेत आणि मर्यादेचेही. वाढलेला काळ खरा आहे, पण तो महिन्यांत मोजायचा आहे. मग तो कसा घालवायचा हे कोणी ठरवायचं? ज्याचे ते महिने आहेत त्यानं, की त्याच्यापासून ते लपवणाऱ्यांनी?

गावात या प्रश्नाला दोन ठरलेली उत्तरं आहेत. पहिलं : ‘‘वय झालं आता, कशाला हाल करता?’’ दुसरं : ‘‘एकर विकू, पण बापाला मुंबईला नेऊ.’’ दोन्ही बाजू एकमेकींना नावं ठेवतात, पण दोघींचं एका गोष्टीवर एकमत आहे : म्हाताऱ्याला विचारायचं नाही. पहिल्यांना कळत नाही, की नुसतं वय हे उपचार नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. सत्तरीतला कष्टकरी माणूस ऑपरेशन सोसू शकतो, फक्त तपासून ठरवावं लागतं. दुसऱ्यांना कळत नाही, की मुलाचं कर्तव्य विकलेल्या एकरांत आणि कापलेल्या किलोमीटरांत मोजलं, की ते बापासाठी उरत नाही, भावकीसाठी होतं. ‘काही कमी पडू दिलं नाही’ हे वाक्य दहाव्याला ऐकायला बरं वाटतं. पण कमी काय पडत होतं, हे त्याला कधी विचारलं होतं का?

‘सांगितलं तर खचतील’ हा युक्तिवाद ठरलेला. पहिल्या खेपेला जो माणूस या सगळ्यातून गेला आहे, त्याला गालाच्या आत जिभेला काय लागतंय हे रिपोर्टच्या आधी कळलेलं असतं. सांगण्या-न सांगण्यानं त्याचं ज्ञान बदलत नाही. बदलतो तो त्याचा एकटेपणा. तो घराला वाटू नये म्हणून गप्प, घर त्याला वाटू नये म्हणून गप्प.

आणि त्यावर मीठ म्हणजे तंबाखूचा टोमणा. आई मशेरी लावत होती, वडील चुना-तंबाखू मळत होते, तेव्हा आपणच दुकानातून पुडी आणून देत होतो. राज्यात गुटखाबंदी २०१२ची, आणि आज कुठल्याही टपरीवर काय मिळतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. आर. आर. पाटलांसारखा राज्याचा गृहमंत्री राहिलेला माणूस २०१५मध्ये या आजारानं गेला. व्यसन टाळा हे तरुणांना जरूर सांगा. पण परतलेल्या कॅन्सरच्या माणसासमोर ते पुन्हा उगाळणं म्हणजे वेदनेवर दंड बसवणं आहे.

फर्दापूरपासून चार किलोमीटरवर, सव्विसाव्या लेण्यात, बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचं सुमारे सात मीटर लांबीचं शिल्प आहे. ऐंशी वर्षांचा आजारी माणूस कुशीवर निजलेला, खाली शोक करणारे शिष्य. जगभरातून लोक ते पाहायला येतात. परंपरा सांगते, की आपलं जाणं त्यानं तीन महिने आधी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. आणि ज्या चुंदाच्या घरच्या जेवणानंतर दुखणं बळावलं, त्याला कुणी दोष देऊ नये असंही आनंदाला बजावलं होतं. मरणारा स्वतः बोलतो आणि भोवतालचे ऐकतात, हे या डोंगरात दीड हजार वर्षांपूर्वी कोरलेलं आहे. पायथ्याच्या गावांत मात्र मरणारा सोडून सगळे बोलतात.

विचारायचं म्हणजे काय? ‘आता काय करू?’ असं ओझं टाकणं नव्हे. डॉक्टरांसमोर त्याला बसवून, सोप्या शब्दांत : गाठ परत आली आहे. ऑपरेशन केलं तर खाणं-बोलणं किती राहील? औषधं घेतली तर किती फेऱ्या होतील? काहीच केलं नाही, तर दुखणं कसं थांबवता येईल? तुम्हाला कशाची भीती सगळ्यात जास्त वाटते? कुठे राहायचं आहे? बोलता येत नसेल तर पाटी द्या, मान हलवू द्या, उद्या पुन्हा विचारा. ‘सगळे उपचार करा’ हे त्याचं उत्तर असेल, तर एकर विका, खुशाल विका. ‘मला घरी राहू द्या’ असेल, तर तेही तेवढंच पाळा.

पण इथे सरकारचा गुन्हा सुरू होतो. घरी राहायचं, तर वेदना थांबली पाहिजे. तोंडाच्या कॅन्सरची वेदना कान-डोक्यापर्यंत चढते. साध्या गोळीला ती दाद देत नाही. तिला मॉर्फिन लागतं. त्याची अफू आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात सरकारी परवान्यानं पिकते. अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यातल्या जाचक अटी २०१४च्या दुरुस्तीनं सैल झाल्या. मान्यताप्राप्त दवाखान्याला मॉर्फिन ठेवता येतं. केरळनं २००८मध्ये स्वतंत्र धोरण करून ग्रामपंचायतींमार्फत परिचारिका घरोघरी पोहोचवल्या. आपल्याकडे मात्र मॉर्फिन अजून बहुतांशी मोठ्या शहरांच्या आसपासच घुटमळतं.

म्हणून मागणी साधी आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मॉर्फिनच्या गोळ्या कायम असाव्यात, त्या देणारा प्रशिक्षित डॉक्टर असावा, आणि नळी बदलायला, जखम धुवायला, घरच्यांना शिकवायला आठवड्यातून एकदा परिचारिका घरी यावी. लेण्यांकडे जाणाऱ्या पर्यटकासाठी फर्दापूरच्या टी-पॉइंटवरून दर थोड्या वेळानं बस सुटते. त्याच गावातल्या म्हाताऱ्याच्या दारात आठवड्यातून एक नर्स येऊ शकत नसेल, तर तो प्रश्न अंतराचा नाही, किमतीचा आहे : आपण त्याची किती धरतो, याचा.