एक चाप, एक गोळी

रंगाच्या गोळ्या एकमेकांवर झाडण्याचा ‘पेंटबॉल’ नांवाचा खेळ आतां आपल्याकडेही शहराबाहेरच्या मैदानांवर पैसे भरून खेळतां येतो. एखादी दुपार तिकडे घालवून अंगावर निळेहिरवे डाग मिरवीत परतलेले चिरंजीव आमच्या कांहीं वाचकांच्या घरींही असतील. अमेरिकेंत मात्र या खेळाचे बक्षिसांचे सामने होतात. आणि त्या सामन्यांत बंदुकीच्या चापावरून जो वाद माजला तो, ज्यांनीं जन्मांत पत्त्यांखेरीज दुसरें कांहीं हातीं धरलें नाहीं त्यांनींही समजून घेण्याजोगा आहे.

१९८१ च्या जून महिन्यांत न्यू हॅम्पशायर संस्थानांतील हेनिकर गांवच्या रानांत बारा मंडळींनीं हा खेळ प्रथम मांडला. त्यांचें हत्यार म्हणजे झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करण्याचें एक साधें पिस्तूल. एक गोळी सुटली कीं दुसरीसाठीं हातानें दट्ट्या ओढावा लागे. रानांत ठेवलेलीं निशाणें गोळा करून सुखरूप बाहेर पडावयाचें, असा डाव होता. तो जिंकला रिची व्हाइट नांवाच्या एका जंगलच्या जाणकारानें. आणि त्यानें त्या दिवशीं एकही गोळी झाडली नाहीं!

पुढें दट्ट्या ओढण्याचें काम कोंडलेल्या वायूकडे गेलें, आणि ‘एकदां चाप ओढावा, एक गोळी सुटावी’ असा दंडक पडला. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत चापामागें विजेची कळ आली, तेव्हां खरी गंमत सुरू झाली. तबल्यावर बोटें नाचवावींत तशीं दोन बोटें चापावर नाचवून सेकंदास दहा-दहा गोळ्या सोडणारे पटाईत निघाले. ही कला होती, यांत शंका नाहीं. पण बंदुकीच्या पोटांत आतां गणकयंत्राचा एक चिमुकला तुकडाही बसला होता. बोट ठराविक वेगानें हलूं लागलें कीं उरलेल्या गोळ्या तो आपल्या पदरच्या घालूं लागे! दुसऱ्या कांहीं बंदुकींत चाप इतका हलका केलेला असे कीं सुटणाऱ्या गोळीच्या धक्क्यानेंच तो पुन्हा दाबला जाई. आणि बोटाचा मालक शपथेवर सांगे, ‘प्रत्येक वेळीं मींच ओढला.’

बिचाऱ्या पंचानें काय करावें? चोहोंकडून गोळ्यांचा तडतडाट चाललेला; आणि बंदूक तपासावयास घ्यावी, तों गुप्त कळ दाबून तो तुकडा गप्प बसविलेला! अखेर या शतकाच्या पहिल्या दशकांत सामने भरविणाऱ्या ‘पीएसपी’ या संस्थेनें यंत्राची ही मदत सर्वांसच खुली केली आणि सेकंदास पंधरा गोळ्यांची मर्यादा घातली. ‘एनपीपीएल’ या प्रतिस्पर्धी संस्थेनें मात्र एका ओढीस एकच गोळी हा जुना दंडक धरून ठेवला.

हें वाचून प्रथम आम्हांसही वाटलें कीं, चोर सांपडत नाहीं म्हणून चोरीच कायदेशीर केली! पण विचार करतां मत पालटलें. जो नियम मोडलेला ओळखूंच येत नाहीं, तो फक्त प्रामाणिक माणसाचेच हात बांधतो. गोळ्यांचा वेग निदान यंत्रानें मोजतां येतो. मात्र पंधरा हा आंकडा आम्हांस उधळेपणाचा वाटतो. दोनशें गोळ्यांचें भांडें या वेगानें साडेतेरा सेकंदांच्या आंत रितें होतें, आणि प्रत्येक गोळीस पैसे पडतात. म्हणजे बोटांची बरोबरी झाली तरी खिशांची होत नाहीं. ही मर्यादा पुढें टप्प्याटप्प्यानें दहाच्या आसपास उतरविली गेली, हें ठीकच झालें.

सामन्यांपुरता हा निकाल आम्हांस मान्य आहे. हौशी मैदानांची गोष्ट वेगळी. तेथें एकाच्या हातीं घरून दुरुस्त करून आणलेली बंदूक, आणि समोर भाड्याची बंदूक घेऊन उभा असलेला पंधरा वर्षांचा नवखा मुलगा. गोळीचा वेग सेकंदास तीनशें फुटांपर्यंत असूं शकतो. पहिली लागतांच ‘बाद झालों’ म्हणून त्यानें हात वर करावा, तोंवर आणखी चार-पांच अंगावर फुटलेल्या असतात. बंदूक कशी लावलेली आहे हें त्यास आधीं सांगितलें असतें, तर तो निदान झाडाआड तरी राहिला असता.