ढगाळ रात्रींची नोंदवही

आपल्या शाळेच्या वर्धापनानिमित्त माजी विद्यार्थ्यांकडून आलेल्या सूचनांत एक सूचना पुन्हा पुन्हा दिसते : शाळेसाठी मोठी दुर्बीण घ्यावी आणि गच्चीवर तिच्यासाठी फिरत्या घुमटाची खोली बांधावी. सूचनेमागची भावना निर्मळ आहे, याबद्दल शंका नाही. तिच्यावर दोन नेहमीचे आक्षेपही घेतले जातात, एक खर्चाचा आणि दुसरा ढगांचा. नागपुरात जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत आकाश बहुधा झाकलेले असते आणि शाळेचे पहिले सत्र नेमके याच काळात येते. मग मुले पाहणार काय? माझे मत या दोन्ही बाजूंहून थोडे निराळे आहे. घुमट नको, असे मीही म्हणतो; परंतु ढगांमुळे नव्हे. ढगांचे चार महिने हेच निवासी शाळेत खगोल शिकविण्याचे खरे महिने आहेत, आणि घुमटाच्या नादात ते वाया जातील, असे मला वाटते.

ढगांची तक्रार खोटी नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. नागपूरचे अक्षांश २१ अंशांच्या किंचित पुढे आहेत. त्यामुळे वर्षातून दोनदा मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते. पहिला दिवस २६ मेच्या सुमारास येतो. तेव्हा नवतपा नुकताच लागलेला असतो, शाळेला सुट्टी असते आणि वसतिगृह रिकामे असते. दुसरा दिवस १७ जुलैच्या सुमारास, दुपारी साधारण १२ वाजून २० मिनिटांनी. तेव्हा शाळा भरलेली असते आणि आभाळही. आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग, वृश्चिक आणि धनू राशींकडचा, जुलै-ऑगस्टच्या रात्री दक्षिणेला उभा असतो. तो ढगांआड जातो. ययाती तारकासमूहातील उल्कावर्षाव १२-१३ ऑगस्टला होतो. २७-२८ जुलै २०१८ च्या रात्रीचे चंद्रग्रहण, ज्याची खग्रास स्थिती १०३ मिनिटे टिकली आणि जे या शतकातील सर्वांत दीर्घ ठरले, ते आषाढी पौर्णिमेला म्हणजे वर्षावासाच्या आरंभीच आले. ७ सप्टेंबर २०२५ चे खग्रास चंद्रग्रहण भाद्रपद पौर्णिमेचे. ग्रहताऱ्यांनी वेळापत्रक आखताना हवामान खात्याचा सल्ला घेतलेला दिसत नाही.

हे दुःख केवळ आपले नाही. ल जांतील नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ सूर्यबिंबावरून जाणारा शुक्र पाहण्यासाठी १७६० मध्ये पाँडिचेरीच्या दिशेने निघाला. १७६१ च्या अधिक्रमणाच्या वेळी युद्धामुळे त्याला बंदरात उतरता आले नाही. डोलणाऱ्या जहाजावरून उपयोगी मोजमाप होणे शक्य नव्हते. पुढचे अधिक्रमण आठ वर्षांनी होते, म्हणून तो पूर्वेकडेच राहिला. ४ जून १७६९ च्या सकाळी पाँडिचेरीत सर्व सिद्धता झाली असताना नेमक्या वेळी ढग आले आणि शुक्र निघून गेल्यावर ऊन पडले. २२ जुलै २००९ रोजी बिहारमधील तारेगणा येथे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी हजारो लोक जमले होते. तेथेही ढगांनी सूर्य दाखविला नाही. मात्र भर सकाळी अंधार पडला, तो सर्वांनी अनुभवला. ल जांतीलची कथा दुर्दैवाचा नमुना म्हणून सांगितली जाते. मधल्या काळात त्याने तमिळ पंचांगकर्त्यांची ग्रहणगणिताची रीत समजून घेतली आणि ती लिहून ठेवली, हे मात्र सांगायचे राहून जाते.

आपल्या मुलांना सांगावी अशी गोष्ट मला राधागोविंद चंद्र यांची वाटते. अविभाजित बंगालमधील जेसोर येथे ते सरकारी तिजोरीत नाणी पारखण्याची साधी नोकरी करीत. प्रवेश परीक्षेत ते तीनदा अनुत्तीर्ण झाले होते. ज्यांचे तेज कमीजास्त होत राहते अशा रूपविकारी ताऱ्यांची निरीक्षणे त्यांनी घेतली आणि अमेरिकेतील निरीक्षक संघटनेकडे पाठविली. त्यांची संख्या ३७,००० च्या पुढे गेली. संघटनेने त्यांना सहा इंची दुर्बीण पाठविली. तीच पुढे वेणू बाप्पूंच्या मार्फत तमिळनाडूतील कावलूर वेधशाळेत पोचली. बंगालचा पावसाळा विदर्भाहून सौम्य नाही. तीन दशकांहून अधिक काळ, नोकरी सांभाळून, आभाळ उघडेल तेव्हा बाहेर यायचे आणि दिसले ते लिहायचे, एवढाच त्यांचा नेम होता. आधी निरीक्षणे झाली आणि मग दुर्बीण आली, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. अनेक शाळांत तो उलटा असतो. दुर्बीण वाजतगाजत येते, हिवाळ्यात पाहुण्यांसमोर एकदा आकाशदर्शन होते, चंद्राचे विवर पाहून सर्वजण आनंदित होतात आणि मग दुर्बीण कपाटात जाते. पावसाळ्यात बंद कपाटातील भिंगांवर बुरशीचे बारीक जाळे धरते आणि पुढच्या वर्षी चंद्रही धूसर दिसतो.

मग पावसाळ्यात करायचे काय? आरंभ घरापासूनच करता येईल. आपल्या बऱ्याच विद्यार्थ्यांच्या घरी शेती आहे. मिरग, आर्द्रा, पुष्य, मघा ही नावे त्यांनी आई-वडिलांच्या तोंडून ऐकलेली असतात. पेरणी, निंदण, धानाची रोवणी याच नावांवर चालते. पण मृग नक्षत्र लागते तेव्हा आकाशात मृग दिसत नाही, हे किती मुलांना ठाऊक असते? ७-८ जूनच्या सुमारास सूर्य त्या ताऱ्यांच्या दिशेला येतो, म्हणून ते नक्षत्र 'लागते'. आणि सूर्य तेथे असल्यामुळेच ते तारे दिवसा उगवून दिवसाच मावळतात. आभाळ निरभ्र असते तरी ते दिसले नसते. सूर्याची वर्षाची वाट सत्तावीस ठिकाणी विभागली की प्रत्येक वाट्याला साडेतेरा दिवस येतात. एवढे कळले की आजीच्या बोलण्यातले पावसाचे वेळापत्रक हे ताऱ्यांचे गणित आहे, हे मुलाला उमगते. त्याच वेळी, नक्षत्राचे वाहन बेडूक की गाढव यावरून पाऊस ठरविण्याला मात्र आकाशात कोणताही आधार नाही, हेही त्याला सांगता येते. घरच्या ज्ञानातील खरे ठेवायचे आणि निराधार ते सोडायचे, ही निवड करण्यासाठी पावसाची दुपार आणि एक फळा पुरेसा आहे. डिसेंबरमध्ये हाच मृग संध्याकाळी पूर्वेला उगवेल, तेव्हा त्याची ओळख जुनी झालेली असेल.

दुसरे काम हाताचे आहे, आणि माझा सर्वाधिक आग्रह त्यासाठीच आहे. दुर्बिणीचा आरसा हाताने घासून तयार करता येतो. जाड काचेच्या दोन सारख्या चकत्या घ्यायच्या. त्यांच्यामध्ये पाणी आणि कार्बोरंडमची भुकटी टाकून वरची चकती खालचीवर पुढे-मागे सरकवीत, थोडी थोडी फिरवीत राहायचे. वरची हळूहळू खोलगट होते, खालची फुगीर. भुकटी भरडीपासून अधिकाधिक बारीक करीत न्यायची आणि शेवटी डांबरासारख्या राळेवर सिरियम ऑक्साइडने झिलई द्यायची. सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटर व्यासाच्या आणि १,२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या आरशात मधला खोलगा किती असतो? सव्वा मिलिमीटरही नाही. पण त्याची वक्रता चांगली साधायची, तर चूक केसाच्या जाडीच्या पाचशेव्या भागाच्या आत ठेवावी लागते. ही चूक एक दिवा आणि दाढीचे एक पाते एवढ्या साहित्याने तपासता येते, याचे मुलांना हमखास नवल वाटते. पुण्याच्या आयुका संस्थेने अशा कार्यशाळा घेतल्या आहेत. अॅल्युमिनियमचा मुलामा तेवढा बाहेरून करून घ्यावा लागतो. बाकी सर्व काम वसतिगृहाच्या एका कोपऱ्यात, रोज तासभर, पावसाच्या तीन महिन्यांत होण्याजोगे आहे. घाई केली की काचेवर ओरखडा उठतो आणि दोन पायऱ्या मागे यावे लागते. वर्षावासात भिक्खू एका ठिकाणी राहून अध्ययन करतात, ही परंपरा आपल्या घरांत परिचित आहे; त्याच तीन महिन्यांत मुलांनी एका जागी बसून आरसा घासावा, यात मला औचित्य दिसते. आपण घासलेल्या आरशातून ज्याने शनीचे कडे पाहिले, त्याला दुर्बीण ही कोणाची देणगी वाटणार नाही.

ढगाळ रात्रीही कोऱ्या नसतात. शहरावर ढग आले की खालचा उजेड त्यांच्यावरून परततो आणि नागपूरचे आभाळ निरभ्र रात्रीपेक्षा अधिक उजळ, तांबूस दिसते. गडचिरोली किंवा गोंदियाकडील एखाद्या आडगावात मात्र ढग आले की रात्र अधिक काळी होते. वसतिगृहात आणि सुट्टीत गावी, दोन्हीकडे मुलाने हे पाहून लिहिले, तर प्रकाशप्रदूषणावर वेगळे भाषण देण्याची गरज उरत नाही. शिवाय श्रावणातल्या सरीनंतर हवेतली धूळ बसते आणि पहाटे तीन-चारला ढग फाटले की तारे जसे धुऊन काढल्यासारखे दिसतात, तसे ते एप्रिलच्या धुळकट संध्याकाळी दिसत नाहीत. येथे निवासी शाळेला एक लाभ आहे. दिवसाच्या शाळेतील मूल रात्री घरी असते. आपल्याकडे रात्रीची दोन्ही टोके शाळेच्या हाती आहेत. पावसाळ्यात संध्याकाळी हुकलेला वृश्चिक मार्चमध्ये पहाटे साडेचारला दक्षिणेला उंच उभा असतो, आणि आपली मुले तसेही लवकर उठतात. शहराच्या उजेडात आकाशगंगेचा पट्टा मिळणार नाही. लालसर ज्येष्ठा आणि वृश्चिकाची नांगी मिळेल. ढग उघडलेच नाहीत, तर गांधीसागर तलावाजवळच्या रमण विज्ञान केंद्राचे तारांगण आहेच.

एक गोष्ट मला नेहमी खटकते. ग्रहण ढगांआड गेले तरी त्याचे वेध काही घरांत पाळले जातातच. अन्न टाकून दिले जाते, गरोदर सुनेला खोलीत बसवून ठेवले जाते. ग्रहण ढगातून दिसत नाही, भीती मात्र बरोबर खाली उतरते. या भीतीला केवळ व्याख्यानाने उत्तर मिळालेले मी पाहिलेले नाही. आपल्या मुलीने ग्रहणाच्या स्पर्शाची आणि मोक्षाची वेळ स्वतः वहीत लिहिली आहे, आणि ढग असताना अंधार किती वाढला तेही नोंदले आहे, हे पाहणारे घर वेगळ्या रीतीने विचार करू लागते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती अशी की, घुमटाच्या निधीतून तीन-चार आरशांचे साहित्य, ओल शोषणारे सिलिका जेल ठेवलेले एक कोरडे कपाट आणि एका शिक्षकाला या कामासाठी आठवड्यातून मोकळे तास, एवढे द्यावे. आणि एक जाड, बांधीव नोंदवही. रोज रात्री आळीपाळीने एका विद्यार्थ्याने तारीख, वेळ, आकाशाचा किती भाग झाकलेला आणि काय दिसले, हे तीत लिहावे. मृगातील काक्षी हा तारा २०१९ च्या अखेरीपासून मंदावत गेला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये रोहिणीहूनही फिका झाला. तो बदल साध्या डोळ्यांना दिसत होता आणि टिपण्यासाठी रोजच्या नोंदीखेरीज काहीही लागत नव्हते. मुलींच्या वसतिगृहात वही वेगळी असावी, आणि तेथील गच्चीचे दार रात्री उघडण्याची व्यवस्था आधी लावावी. ती न लावता निम्म्या विद्यार्थ्यांना आपण आकाश दाखवू शकणार नाही.

वहीचे पहिले पान येत्या आषाढी पौर्णिमेला उघडावे. त्या रात्री बहुधा पाऊस असेल. तसे लिहावे, आणि वेळही लिहावी.